स्प्रिंगचे सापळे : निवड, मांडणी आणि निगा (प्रस्तावना)

उंदराचा स्प्रिंगचा सापळा म्हणजे ताणून अडवून ठेवलेला जोर. पोलादी तारेची स्प्रिंग हाताने ताणायची, तो ताण बारीक अडकणीने रोखून धरायचा आणि अडकण सोडवण्याचे काम उंदरावर सोपवायचे, एवढीच त्याची रचना. लाकडी फळीवरचा चाप असो की तारेच्या जाळीचा पिंजरा, तत्त्व एकच असते. चापात स्प्रिंग दांडीला जनावराच्या मानेवर आणते आणि पिंजऱ्यात ती झडप ओढून दार बंद करते. पहिल्यात उंदीर मरतो, दुसऱ्यात जिवंत सापडतो. कोणता सापळा घ्यावा, कुठे लावावा, सापडलेल्या जनावराचे काय करावे आणि सापळा कसा जपावा, हे बहुतेक प्रश्न या एका फरकातून निघतात.

हे तत्त्व कारखान्यांच्या आधीचे आहे. तमिळनाडूतल्या भातशेतीत वापरली जाणारी तंजावर कित्ती वाकवलेल्या बांबूच्या ताणावर चालते. तारेच्या स्प्रिंगचा आजचा चाप मात्र एकोणिसाव्या शतकाच्या अखेरचा. अमेरिकेतील इलिनॉय राज्यातल्या ॲबिंग्डन गावच्या विल्यम हूकर यांना अशा चापाचे पेटंट १८९४ मध्ये मिळाले. त्याच दशकाच्या शेवटी इंग्लंडमधील लीड्सच्या जेम्स हेन्री ॲटकिन्सन यांचा ‘लिटल निपर’ बाजारात आला. त्यानंतर लाकडाच्या जागी प्लॅस्टिक आले, आमिषाची पट्टी रुंद झाली, पण मूळ जुळणी तीच राहिली. हूकर यांच्या पेटंटला दोन वर्षे होत असताना, सप्टेंबर १८९६ मध्ये, मुंबईत प्लेग उघडकीला आला. १८९८ मध्ये पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरांनी उंदरावरची पिसू हा रोग पसरवते हे दाखवून दिले. तोवर उंदीर धान्य खाणारा आणि कपडे कुरतडणारा म्हणून तिटकाऱ्याचा होता, आता तो आरोग्य खात्याचा विषय झाला.

छत्रपती संभाजीनगरच्या जुन्या शहरातला शहागंज हा या विषयाला नेमका लागू पडणारा भाग आहे. मलिक अंबरने १६१० मध्ये वसवलेल्या खडकीचे पुढे औरंगाबाद झाले आणि त्या जुन्या वस्तीचा बाजार आजही इथे भरतो. निजामकाळातल्या घंटाघराभोवती फळांच्या आणि भाजीच्या हातगाड्या, आतल्या गल्ल्यांत किराणा, कापड आणि खाण्याची दुकाने, चालत गेले की सराफा, सिटी चौक, राजाबाजार आणि जुना मोंढा. दिवसभर इथे अन्न हाताळले जाते आणि रात्री त्यातले बरेच जमिनीवर उरते. सडकी फळे, कोबीची पाने, सांडलेली ज्वारी, हॉटेलच्या मागच्या दाराशी ओतलेले खरकटे, या सगळ्याचा हिशेब उंदीर रात्री चुकता करतो. फेब्रुवारी २०१८ मध्ये ग्रामस्थांच्या विरोधामुळे नारेगावच्या डेपोवर कचऱ्याच्या गाड्या जाणे थांबले आणि शहरभर रस्त्याकडेला कचऱ्याचे ढीग पडले. असा ढीग उंदरांना अन्नही पुरवतो आणि आडोसाही.

दुसरे कारण घरांच्या बांधणीत आहे. जुन्या भागात घराला घर लागून असते आणि दोन दुकानांत बहुधा एकच सामाईक भिंत असते. त्यात माळवदाची घरे आहेत, म्हणजे वर लाकडी तुळया, त्यांवर फळ्यांचा थर आणि त्यावर मातीची भर. या थरांमधल्या पोकळीत उंदीर पिढ्यान्‌पिढ्या राहू शकतो आणि खाली न उतरता चार दुकाने ओलांडू शकतो. एकट्या दुकानदाराने आपल्या गाळ्यापुरता सापळा लावला तर तो शेजाऱ्याकडून येणाऱ्या प्रवाहातले दोन-चार उंदीर काढतो, यापलीकडे फारसे काही होत नाही. शहागंजात उंदराची हद्द दुकानाच्या नोंदणीप्रमाणे ठरत नाही, हे समजल्याशिवाय कोणताही सापळा उपयोगाचा नाही.

सापळा विकत घेण्याआधी आपल्याकडे कोण आहे हे ओळखावे लागते. सरसकट ‘उंदीर’ म्हटले जाते त्यात किमान चार निरनिराळी जनावरे असतात. पहिला घरउंदीर. त्याची शेपटी डोके आणि धड मिळून होणाऱ्या लांबीहून मोठी, कान पातळ आणि मोठे, वजन साधारण १०० ते २०० ग्रॅम. तो उत्तम चढतो आणि माळा, तुळई, वायर, पाइप यांवरून ये-जा करतो. दुसरा बारका उंदीर. पूर्ण वाढ झालेलाही १५ ते २० ग्रॅमचाच असतो, त्यामुळे लोक त्याला मोठ्या उंदराचे पिल्लू समजतात. ही चूक महागात पडते, कारण पिल्लू समजून मोठा चाप लावला तर हा हलका प्राणी आमिष खाऊन निघून जातो आणि खटका जागचा हलत नाही. तिसरी घूस. लहान जातीची घूस २०० ते ३५० ग्रॅमची, मोठी किलोभराच्याही पुढे जाते. ती जमीन पोखरते, गटाराच्या कडेने बिळे करते आणि बिळाच्या तोंडाशी ताज्या मातीचा उकीर टाकते. मुंबईसारख्या बंदराच्या शहरांत दिसणारा तपकिरी गटारी उंदीर मराठवाड्याच्या शहरांत सहसा नसतो. इथे जमिनीखालचे काम घुशीचे.

चौथी चिचुंद्री, आणि ती उंदीर नव्हेच. लांब सोंडेसारखे तोंड, बारीक डोळे, उग्र दर्प आणि भिंतीच्या कडेने पळताना होणारी चिकचिक यांवरून ती ओळखू येते. तिचा मुख्य आहार झुरळे आणि किडे. धान्याच्या पोत्याला भोक पाडणारी ती नव्हे. चापात वारंवार चिचुंद्री सापडत असेल तर सापळा चुकीच्या जागी आहे, किंवा त्याचे आमिष तिला ओढणारे आहे, असे समजून जागा आणि आमिष बदलावे. गच्चीवर आणि झाडांवर वावरणारी खारही सापळ्याचे लक्ष्य नव्हे. उघड्यावर, फांदीलगत किंवा कठड्यावर चाप लावू नये याचे तेही एक कारण आहे.

ओळख पटवायला जनावर दिसावे लागत नाही, त्याच्या खुणा पुरतात. बारक्या उंदराच्या लेंड्या तांदळाच्या दाण्याहून लहान, तीन ते सहा मिलिमीटर लांब आणि टोकदार. घरउंदराच्या सुमारे बारा मिलिमीटर, मध्ये फुगीर आणि टोकांना निमुळत्या. घुशीच्या त्याहूनही मोठ्या. ताजी लेंडी मऊ आणि चकचकीत असते, काही दिवसांनी ती राखाडी पडते आणि बोटाखाली चुरते, म्हणजे वावर चालू आहे की जुना आहे हेही त्यावरून कळते. दुसरी खूण डागांची. माळवदाच्या तुळईवर टॉर्चचा प्रकाश तिरका टाकला तर एका ठरावीक पट्ट्यात लाकूड काळपट, तुकतुकीत झालेले दिसते. रोज त्याच वाटेने जाणाऱ्या अंगांचे तेल आणि मळ तिथे बसलेला असतो. तुळई भिंतीत शिरते तिथे तो डाग अर्धगोल होतो, कारण उंदीर लाकडाखालून वळसा घेऊन पलीकडे जातो. अशा डागापासून हातभर अंतरावर लावलेला एक चाप दुकानाच्या मधोमध लावलेल्या दहा चापांहून जास्त काम करतो. वावर पुसट असेल तर संध्याकाळी दुकान बंद करताना भिंतीच्या कडेने मैद्याचा किंवा रांगोळीचा पातळ थर पसरावा. सकाळी पावले आणि शेपटीची रेघ त्यात उमटलेली असते.

निवडीचा पहिला नियम मापाचा. बारक्या उंदराचा चाप साधारण दहा सेंटिमीटर लांब आणि पाच सेंटिमीटर रुंद असतो, घरउंदराचा सुमारे सतरा-अठरा सेंटिमीटर लांब. मोठ्या उंदराला लहान चाप लावला की तो जखमी होऊन पळतो, आणि पळालेला उंदीर त्या वस्तूच्या वाटेला पुन्हा जात नाही. घुशीला चाप लावूच नये. तिच्यासाठी जाड तारेचा मोठा पिंजरा लागतो आणि तोही दगडाने किंवा तारेने जागेवर घट्ट बसवलेला, नाहीतर ती पिंजऱ्यासकट सरकत गटारात जाते.

दुकानात चाप हातात घेतल्यावर काही गोष्टी पाहून घ्याव्यात. स्प्रिंगची दोन्ही बाजूंची वेटोळी सारखी असावीत, म्हणजे दांडी सरळ पडते. एक बाजू सैल असली तर दांडी तिरकी आदळते आणि जनावर मानेऐवजी पायात किंवा शेपटीत अडकून तासन्‌तास तडफडते. दांडी फळीवर पूर्ण टेकावी. फळीत ठोकलेल्या कड्या बोटाने हलवून पाहाव्यात, हलत असतील तर चाप परत करावा. शेवटी तो ताणून लावावा आणि पेन्सिलीच्या टोकाने आमिषाची पट्टी हळूच दाबावी. नुसत्या स्पर्शाने सुटला तर ठेवतानाच बोटावर येईल, जोर लावूनही सुटला नाही तर उंदीर खाऊन जाईल. अडकणीचे टोक किंचित वाकवून हा नाजूकपणा हवा तसा करून घेता येतो. उंदराच्या वाटेवर लावायचा चाप निवडताना या तपासणीला दिलेली पाच मिनिटे वाया जात नाहीत.

पिंजऱ्यात पाहण्याच्या गोष्टी निराळ्या. आतला आकडा मोकळा झुलला पाहिजे, आकड्यापासून झडपेपर्यंत जाणारी तार कुठे घासू नये, झडप पडल्यावर चौकटीशी फट राहू नये आणि पडलेली झडप आतून नाकाने उचलता येऊ नये. शेवटची अट अनेक स्वस्त पिंजरे पाळत नाहीत. स्प्रिंग काही महिन्यांत सैल होते आणि सकाळी आमिष गेलेले, दार टेकलेले आणि पिंजरा रिकामा दिसतो. बारक्या उंदरासाठी जाळीची भोके सहा मिलिमीटरहून लहान हवीत. सहा मिलिमीटरची फट त्याला बाहेर पडायला पुरते, मोठ्या उंदराला बारा. एकाच पिंजऱ्यात अनेक उंदीर सापडतात अशा नळीच्या तोंडाच्या पिंजऱ्याला बाजारात वंडर ट्रॅप म्हणतात. धान्याच्या गोदामात वावर दाट असेल तेव्हा तो कामाचा, पण त्यात स्प्रिंग नसल्याने इथे त्याचा फक्त उल्लेख पुरे.

स्प्रिंगच्या सापळ्याशी स्पर्धा करणाऱ्या दोन वस्तू शहागंजाच्या बाजारात सहज मिळतात, विष आणि गोंदाचा पुठ्ठा. झिंक फॉस्फाइडची काळी पूड पोटातल्या आम्लाशी मिळून फॉस्फिन वायू सोडते. ती झटपट काम करते, पण अपुरी मात्रा खाऊन वाचलेला उंदीर ते आमिष पुन्हा तोंडात घेत नाही. ब्रोमॅडिओलोनच्या वड्या रक्त गोठू देत नाहीत, त्यांनी मरायला काही दिवस लागतात. दोन्हींचा समान दोष असा की उंदीर कुठे मरेल हे माणसाच्या हातात राहत नाही. माळवदाच्या पोकळीत मेलेला उंदीर काढायला छत उकरावे लागते आणि तो कुजेपर्यंत घरात बसवत नाही. शिवाय विष खाल्लेला मंद झालेला उंदीर मांजर किंवा गव्हाणी घुबड उचलते आणि विष त्यांच्या पोटात जाते. उंदीर खाऊन जगणारे घुबड गमावणे हा तर उघड तोटा. गोंदाच्या पुठ्ठ्यावर जनावर भुकेने, तहानेने आणि भीतीने हळूहळू मरते, आणि त्यावर पाली, चिमण्यादेखील चिकटतात. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने राज्यांना या पुठ्ठ्यांविरुद्ध सूचना दिल्या आहेत. योग्य मापाचा, नीट लावलेला चाप काही क्षणांत मारतो, जे मेले ते समोर ठेवतो आणि अन्नात विष मिसळत नाही. अन्न विकणाऱ्या दाट वस्तीत त्याच्याइतके स्वच्छ आणि प्रामाणिक साधन दुसरे नाही.

मांडणीची पहिली पायरी उंदराच्या स्वभावाची. उंदीर उघड्यावरून सहसा जात नाही. एका अंगाला भिंत टेकवून, मिशांनी तिचा अंदाज घेत तो कडेने पळतो. म्हणून चाप भिंतीशी काटकोनात ठेवावा आणि आमिषाची पट्टी असलेले टोक भिंतीला भिडवावे. भिंतीला समांतर ठेवायचाच तर दोन चाप पाठीला पाठ लावून ठेवावेत, म्हणजे कोणत्याही बाजूने आला तरी आधी पट्टी लागते. बारका उंदीर आपल्या बिळापासून थोड्याच मीटरांच्या परिघात वावरतो, म्हणून त्याच्यासाठी चाप दोन-तीन मीटरवर हवेत. घरउंदीर दूर जातो, तिथे पाच-सहा मीटर अंतर चालते, पण त्याचे चाप वर, तुळईवर, माळ्यावर आणि पाइपच्या वाटेवर लागतात. वरचा चाप तारेने किंवा खिळ्याने पक्का करावा, नाहीतर झटक्याने तो जनावरासकट खालच्या साखरेच्या पोत्यावर पडतो.

दोन्ही उंदरांच्या स्वभावात एक मोठा फरक आहे आणि त्यावर सगळे वेळापत्रक ठरते. बारका उंदीर चौकस असतो. नवी वस्तू दिसली की हुंगायला येतो, त्यामुळे त्याच्यासाठी लावलेला चाप पहिल्या एक-दोन रात्रींतच काम करतो. न केल्यास तो हलवावा. घरउंदीर नव्या वस्तूला भितो आणि कित्येक रात्री तिला वळसा घालतो. त्याच्या वाटेवर चाप न ताणता, आमिष लावून तीन-चार रात्री नुसता ठेवावा. आमिष रोज खाल्ले जाऊ लागले की सगळे चाप एकाच संध्याकाळी ताणावेत. लोक बहुतेक वेळा याच्या उलट करतात, म्हणजे एकच चाप लावतात, महिनाभर तिथेच ठेवतात, एक उंदीर सापडला की काम झाले समजतात आणि बाकीच्यांना त्या वस्तूची ओळख करून देतात. लहानशा दुकानालाही सहा-आठ चाप एकदम लागतात. थोड्या रात्री, पुष्कळ सापळे, हीच पद्धत फळते.

आमिषाबद्दल सर्वांत जुना समज चीजचा, आणि तो परदेशी चित्रांतून आलेला. शहागंजात भजे, तेलात बुडवलेला भाकरीचा तुकडा, भाजलेले खोबरे, शेंगदाणा आणि गुळाचा गोळा, सुक्या बोंबलाचे टोक ही आमिषे हाताशी असतात आणि चालतात. पण खरा प्रश्न वेगळा आहे. जे दुकानात पोत्यांनी पडले आहे ते आमिष म्हणून कशाला कामाचे? धान्याच्या आणि डाळीच्या दुकानात उंदराला कोरडे अन्न हवे तितके मिळते, त्याला पाणी हवे असते. तिथे टोमॅटोची किंवा काकडीची फोड शेंगदाण्याला मागे टाकते. फळांच्या गाड्यांजवळ याच्या उलट, तेलकट आणि खमंग वास ओढतो. कापडाच्या दुकानात खायला काहीच नसते, तिथे घरट्यासाठी कापसाचा किंवा सुतळीचा झुबका पट्टीला बांधला तरी मादी तो ओढायला येते. आमिष वाटाण्याएवढे पुरे, आणि ते दोऱ्याने पट्टीला बांधलेच पाहिजे. नुसते ठेवलेले भजे उंदीर अलगद उचलतो, बांधलेले ओढावे लागते आणि ओढले की खटका सुटतो. पिंजऱ्याच्या आकड्याला लावतानाही तुकडा आरपार टोचावा.

चाप ताणताना मागच्या टोकाला धरावा, बोटे दांडीच्या कक्षेत येऊ देऊ नयेत आणि तो जागेवर नेल्यावर ताणावा, ताणून नेऊ नये. उंदराचा मोठा चाप माणसाचे बोट मोडू शकतो. मुले, मांजर किंवा मुंगूस जिथे येऊ शकते तिथे चाप उघडा ठेवू नये. दोन्ही बाजूंना उंदराएवढे भोक पाडलेला लाकडी किंवा पत्र्याचा खोका त्यावर ठेवावा. उंदराला बोगद्यासारखी जागा आवडतेच, त्यामुळे खोक्याने पकड कमी होण्याऐवजी बऱ्याचदा वाढते. सकाळी दुकान उघडण्याआधी आणि संध्याकाळी लावण्याआधी असा दिवसातून दोनदा प्रत्येक सापळा पाहिलाच पाहिजे. कोणता चाप कुठे आहे याची कागदावर नोंद ठेवावी. माळ्यावर विसरलेला एक चाप पुढे महिनाभर दुर्गंध देतो.

पकडलेल्या जनावराचे काय करायचे, हा प्रश्न सापळा लावण्याआधी सोडवायला हवा. जिवंत पिंजऱ्याला शहागंज-राजाबाजारात मोठी मागणी आहे आणि त्यामागे मनाची एक चांगली भावना आहे. गणपतीचे वाहन मारू नये असे मानणारी घरे आहेत, जीवहत्या वर्ज्य मानणारे जैन व्यापारी आहेत. पण पिंजरा घेतल्यावर सकाळी पुढे काय होते? तो पाण्याच्या बादलीत बुडवला जातो, आणि बुडून मरणे सावकाश आणि यातनेचे असते, पशुवैद्यक ते मान्य करत नाहीत. किंवा तो नाल्यावर, कचऱ्याजवळ उघडला जातो आणि उंदीर जवळच्याच घरात शिरतो. हिमायत बाग किंवा सलीम अली सरोवरासारख्या हिरव्या जागी सोडणे तर आणखी वाईट, कारण झाडावर चढणारा घरउंदीर पक्ष्यांची अंडी आणि पिल्ले खातो. ज्यांना मारायचे नाही त्यांनी आधी फटी बुजवाव्यात आणि अन्न बंद डब्यांत ठेवावे, खरी अहिंसा तिथे साधते. पिंजरा घुशीसाठी आणि चाप धोक्याचा ठरेल अशा जागांसाठी राखावा आणि त्यातले जनावर कीडनियंत्रणाचे प्रशिक्षण असलेल्या माणसाकडे द्यावे.

मेलेला उंदीर उघड्या हाताने उचलू नये. हातमोजे घालून चापासकट त्यावर पातळ ब्लीचिंगचे पाणी शिंपडावे, दहा मिनिटे थांबावे, मग पिशवीत घालून तोंड बांधावे आणि ती दुसऱ्या पिशवीत टाकावी किंवा खोल पुरावी. हे पटकन करण्याला कारण आहे. शरीर थंड झाले की त्यावरच्या पिसवा नव्या उष्ण अंगाच्या शोधात बाहेर पडतात. उंदराच्या मूत्रातून लेप्टोस्पायरोसिस पसरतो, म्हणून सापडलेल्या जागेची फरशीही जंतुनाशकाने पुसावी. लेंड्या कोरड्या झाडल्याने धूळ उडते, आधी त्या ओल्या करून मगच उचलाव्यात.

पिसवांचा मुद्दा मराठवाड्याला पुस्तकातून शिकावा लागलेला नाही. ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारी परिसरात भूकंप झाला. त्यानंतर बीड जिल्ह्यातल्या गावांतही भेगा पडलेल्या घरांत राहायला लोक घाबरू लागले. बंद घरांत साठवलेले धान्य उंदरांना मोकळे मिळाले आणि त्यांची संख्या वाढली, असे कारण अभ्यासकांनी पुढे मांडले. ऑगस्ट १९९४ मध्ये त्याच जिल्ह्यातल्या मामला गावात आधी उंदीर मरून पडू लागले, पिसवांचा त्रास सुरू झाला, आणि मग माणसांना गाठीच्या प्लेगची लागण झाल्याचे दिसले. पुढच्याच महिन्यात सुरतेत फुप्फुसाच्या प्लेगने लोकांची पळापळ झाली. यातला सापळ्यांशी थेट संबंधित धडा असा की सापळा लावलेला नसताना, विष टाकलेले नसताना उंदीर मरून पडू लागले तर त्या भागात उंदीर मारण्याची मोहीम सुरू करायची नसते. आधी पिसवा मारणारी पूड बिळांत आणि वाटांवर टाकावी लागते, उंदीर त्यानंतर. क्रम उलटला तर पिसवा माणसांवर येतात. अशा वेळी मेलेल्या उंदरांना हात न लावता, मुलांना दूर ठेवून, महापालिकेच्या आरोग्य विभागाला त्याच दिवशी कळवणे एवढेच नागरिकाचे काम.

निगेचा भाग छोटा आहे, पण तो टाळल्यामुळेच बहुतेक सापळे दुसऱ्या वर्षी निकामी होतात. वापरलेला चाप गरम पाण्याने आणि साध्या साबणाने घासून उन्हात वाळवावा. उंदराच्या वासाने दुसरा उंदीर बिचकतो या समजुतीला फारसा आधार नाही. बिचकवतो तो रॉकेलचा, फिनाइलचा आणि कीटकनाशकाचा वास, म्हणून सापळे या वस्तूंशेजारी ठेवू नयेत. पावसाळ्यात लाकडी फळी फुगते, कड्या सैल होतात आणि पट्टी अडकते. जूनच्या आधी फळीला जवसाच्या तेलाचा हात देऊन ती पूर्ण वाळू द्यावी. स्प्रिंगवर आणि बिजागरीवर पेट्रोलियम जेलीचा अगदी पातळ थर पुरतो. खाण्याचे तेल लावू नये, ते काही आठवड्यांत चिकट होऊन खटका जड करते. गंज चढलेली स्प्रिंग पॉलिश कागदाने घासून साफ होते, पण जिचे वेटोळे पसरले आहे ती बदलावी किंवा चाप टाकून द्यावा. वापर नसताना सापळा नेहमी सुटलेल्या अवस्थेत ठेवावा. महिनोन्‌महिने ताणून ठेवलेली स्प्रिंग आपला जोर गमावू शकते. पिंजऱ्याच्या तळाची जाळी आधी गंजते, कारण मूत्र तिथे साचते. दर खेपेनंतर ती धुवावी आणि तुटलेली तार जस्ताचा मुलामा दिलेल्या तारेने विणून घ्यावी.

सापळा आहेत ते उंदीर काढतो, येणारे थांबवत नाही. दिवस गेल्यापासून साधारण तीन आठवड्यांत मादी विते आणि वर्षात अनेकदा विते, त्यामुळे अन्न आणि आडोसा कायम राहिला तर रिकामी झालेली जागा भरायला वेळ लागत नाही. पोती भिंतीपासून हात-दीड हात सोडून, फळ्यांवर रचावीत, म्हणजे मागची बाजू झाडता येते आणि सापळा ठेवायला वाट मिळते. पाइप भिंतीत शिरतो तिथली फट सिमेंट आणि काचेच्या चुऱ्याने किंवा लोखंडी जाळीने बुजवावी. नुसता कापडाचा बोळा उंदीर एका रात्रीत काढतो. शटरच्या खालच्या फटीला पत्र्याची पट्टी लावावी, मोरीच्या तोंडावर जाळी बसवावी. रात्री गाडीखाली पडलेली फळे उचलून नेणे हे तर कोणत्याही चापाहून स्वस्त.

हे सगळे एकट्याने करून भागत नाही. शहागंजातल्या एका ओळीतल्या दुकानदारांनी आणि वर राहणाऱ्या कुटुंबांनी मे महिन्यात, बिळांत पाणी शिरून घुशी आणि उंदीर वर येण्याआधी, एक आठवडा ठरवावा. चार रात्री सर्वांनी न ताणलेल्या सापळ्यांवर आमिष ठेवावे, पाचव्या संध्याकाळी ओळीतले सगळे चाप एकदम ताणावेत आणि पकड थांबेपर्यंत रोज सकाळी उचलावेत. सामाईक भिंतीतल्या फटी त्याच आठवड्यात दोन्ही बाजूंनी बुजवून घ्याव्यात.